रोज्यातली रात्र आणि श्वासाचे यंत्र

रमजानचा चाँद दिसला की गावाची रात्र बदलते. साताऱ्याच्या सदर बाजारात, सांगलीच्या पेठेत, मिरजेच्या दर्ग्याभोवतीच्या गल्ल्यांत रात्री दहा-साडेदहापर्यंत वर्दळ असते. इशाच्या नमाजनंतर तरावीहची लांब नमाज होते. ती आटोपून माणसे घरी येतात, चहा होतो, गप्पा होतात आणि अकराच्या पुढे अंथरुणे पडतात. पहाटे चारच्या सुमारास घर पुन्हा जागे होते. सहरी म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचे जेवण. ते झाले की फजरची नमाज, आणि मग ज्याला शक्य असेल तो तास-दीड तास पुन्हा आडवा होतो. रोज्याची गोष्ट निघाली की भूक आणि तहान यांवर सगळे बोलतात. या महिन्यात झोपेचेही दोन तुकडे होतात, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

निरोगी माणसाला हे तुकडे आठवडाभरात अंगवळणी पडतात. काही माणसांची झोप मात्र मुळातच तुटलेली असते. त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार असतो. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात आणि त्यावर सीपॅप नावाचे यंत्र देतात. या यंत्राची सवय लावून घेणे एरवीही सोपे नसते. रमजानमध्ये तर ‘महिनाभर राहू दे, ईदनंतर बघू’ हा विचार हटकून मनात येतो. नेमक्या याच विचारापासून सावध राहायला हवे.

घोरणे म्हणजे गाढ झोप, हा गैरसमज

आपल्याकडे घोरण्याची चेष्टा होते. घोरणारा माणूस सुखाने झोपला आहे, असेही मानले जाते. प्रत्यक्षात घोरणे हा अरुंद झालेल्या वाटेतून जाणाऱ्या हवेचा आवाज आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते. काहींच्या बाबतीत ही वाट पूर्ण बंद होते. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. घोरणे एकाएकी थांबते, खोलीत शांतता पसरते. रक्तातला प्राणवायू घटू लागला की मेंदू धोक्याची सूचना देतो, माणूस अर्धवट जागा होतो, मोठ्याने श्वास ओढतो आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही.

असा अडथळा किमान दहा सेकंद टिकला तर तो मोजला जातो. तासाला पाच ते पंधरा अडथळे असतील तर आजार सौम्य, पंधरा ते तीस असतील तर मध्यम आणि तीसच्या वर गेले तर तीव्र. तासाला चाळीस अडथळे म्हणजे दर दीड मिनिटाला एकदा गुदमरणे. अशा माणसाला आठ तास अंथरुणात काढूनही सकाळी डोके जड वाटते, तोंड कोरडे पडते. रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागते, दिवसा बसल्या जागी डुलकी लागते, चिडचिड होते. रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही.

हा आजार दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती. तरीही १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वासाचे अडथळे आढळले. अडथळे आणि दिवसाची झोपाळू अवस्था असे दोन्ही असणारे साडेसात टक्के निघाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले. त्यांच्या मृत्यूच्या कारणांत डॉक्टरांनी या आजाराचे नाव घेतले, तेव्हा अनेक घरांत हा शब्द पहिल्यांदा ऐकला गेला.

बायकांमध्येही हा आजार असतो. पाळी थांबल्यानंतर त्याचे प्रमाण वाढते. पण बाईने घोरणे लाजेचे मानले जाते, त्यामुळे घरातले सांगत नाहीत आणि ती स्वतः ‘थकवा आहे’ एवढेच म्हणते. रमजानमध्ये सहरीसाठी सर्वांत आधी उठणारी आणि इफ्तारची भांडी आवरून सर्वांत शेवटी झोपणारी तीच असते. तिचा थकवा कामामुळे आहे असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते.

हवेचा आधार

सीपॅप यंत्राचा शोध ऑस्ट्रेलियात लागला. जून १९८० मध्ये सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी एका रुग्णाच्या नाकातून हलक्या दाबाने सतत हवा सोडली आणि तो माणूस रात्रभर न अडखळता झोपला. पुढच्या वर्षी पाच रुग्णांवरचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सुरुवातीची यंत्रे मोठी आणि गोंगाट करणारी होती. मुखवटा तर रोज रात्री नाकावर चिकटवावा लागे. आजचे यंत्र उशाशी ठेवता येते आणि त्याचा आवाज छताच्या पंख्याहून कमी असतो.

त्याचे काम साधे आहे. खोलीतलीच हवा गाळून, ठरावीक दाबाने, नळीतून नाकाकडे पाठवायची. त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चिकटत नाही, तसेच हे. पुष्कळ लोक याला ‘ऑक्सिजन लावला’ म्हणतात आणि घाबरतात. शेजारीपाजारी विचारपूस करायला येतात. या यंत्रात ऑक्सिजनची टाकी नसते आणि औषधही नसते.

दाब किती ठेवायचा हे झोपेच्या तपासणीवरून ठरते. सातारा-सांगली भागातल्या लोकांना मोठ्या इलाजासाठी मिरजेची वाट जुनी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभे केले, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण या गावात येत आले. याच मिरजेत सतारी आणि तंबोरे बनतात. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर दोऱ्याचा तुकडा तारेखाली केसभर इकडेतिकडे सरकवत बसतो आणि सूर मोकळा होईपर्यंत घाई करत नाही. सीपॅपचा दाब, मुखवट्याचे माप आणि पट्ट्यांचा ताण जुळवायलाही असाच धीर लागतो. पहिल्या रात्री न जमल्यामुळे यंत्र कपाटात टाकणारे लोक या जुळवाजुळवीलाच वेळ देत नाहीत.

एका घराचे चित्र

नमुन्यादाखल एक घर डोळ्यांसमोर आणू. असे घर या दोन जिल्ह्यांत शोधायला लांब जावे लागणार नाही. पन्नाशी ओलांडलेले अब्बा साताऱ्यात फळांचा धंदा करतात, टेंपो स्वतः चालवतात. आठवड्यातून दोनदा कराड, पेठनाका, आष्टा या रस्त्याने सांगलीला जातात. मुलगी सांगलीत दिलेली आहे. तपासणीत तीव्र आजार निघाला आणि शाबानच्या महिन्यात, म्हणजे रमजानच्या तोंडावर, यंत्र घरी आले.

पहिल्या आठवड्यात अडचणींची रांग लागते. तोंडावर काही बांधले की जीव घाबरतो. श्वास सोडताना हवा अंगावर आल्यासारखी वाटते. नाक कोरडे पडते, नाकाच्या दांडीवर वळ उठतो. दाढीमुळे मोठा मुखवटा नीट बसत नाही, कडेने हवा सुटते आणि डोळ्यांवर येते. सकाळी पोट फुगलेले असते, कारण थोडी हवा गिळली जाते. नातू म्हणतो, “दादा विमान चलाते.” घरात हशा पिकतो. दादांना तो आवडत नाही.

यांतल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहेत. जीव घाबरत असेल तर संध्याकाळी जागेपणी, बातम्या बघताना किंवा पुस्तक वाचताना, मुखवटा अर्धा तास लावून बसावे. दोन-चार दिवसांत मेंदूला ओळख पटते. यंत्रात दाब हळूहळू वाढवण्याची सोय असते. ती सुरू ठेवली की कमी दाबात झोप लागते आणि मग दाब चढतो. दाढी असलेल्यांना नाकपुड्यांवर बसणारे छोटे मऊ तुकडे सोयीचे पडतात, कारण ते दाढीला टेकत नाहीत. पट्टे आवळून हवा गळायची थांबत नाही, उलट वळ उठतात. मुखवट्याचे माप बदलून घ्यावे. कोरडेपणासाठी यंत्राला पाण्याची छोटी टाकी असते. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावे, ते रोज बदलावे. मुखवटा सौम्य साबणाने रोज धुवावा. पोट फुगत असेल तर डॉक्टरांना सांगून दाब तपासून घ्यावा.

या चित्रात आणखी एक माणूस आहे, अम्मी. यंत्र येण्याआधी कित्येक वर्षे त्या रात्री जाग्या असत. घोरण्याच्या आवाजाची त्यांना सवय झालेली असते. आवाज थांबला की मात्र डोळे उघडतात. शांततेत त्या मनातल्या मनात आकडे मोजतात आणि श्वास आला नाही तर खांदा हलवतात. “करवट बदलो जी” हे वाक्य त्यांनी हजारो रात्री उच्चारलेले असते. रुग्णाला आठवत नाही ती रात्र त्यांना पाठ असते. डॉक्टरही तपासणीच्या वेळी हीच माहिती विचारतात. म्हणून अशा रुग्णाने दवाखान्यात एकट्याने जाऊ नये, शेजारी झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्यावे.

सहरीनंतरची झोप

रमजान सुरू झाला की या घरात खरा प्रश्न उभा राहतो. अब्बा रात्री अकरा ते चार यंत्र लावतात. सहरीला काढून ठेवतात. फजरनंतर तासभर आडवे होताना पुन्हा नळी कोण जोडणार, म्हणून तसेच झोपतात. दुपारी जोहरनंतर कैलुला, म्हणजे वामकुक्षी, तीही तशीच. ‘थोड्या वेळाने काय होते?’ असे त्यांना वाटते.

इथेच चूक होते. झोप रात्रभर एकसारखी नसते. स्वप्ने पडतात ती झोप पहाटेकडे वाढत जाते. त्या अवस्थेत स्नायू सर्वांत सैल असतात आणि श्वासाचे अडथळे बहुतेकांना जास्त व लांब होतात. म्हणजे सहरीनंतरचा तास घड्याळात छोटा असला तरी धोक्याच्या हिशेबात मोठा आहे. त्यातच सहरीचे जेवण पोटात ताजे असते. जेवल्याबरोबर आडवे झाल्याने घशाशी जळजळ येते, यंत्राची हवाही पोटात जास्त जाते. म्हणून सहरी थोडी लवकर आणि हलकी करावी, नमाजनंतर थोडा वेळ बसावे, मग कुशीवर झोपावे, आणि झोपताना यंत्र लावावे. नियम एकच लक्षात ठेवायचा: डोळा लागणार असेल तिथे यंत्र हवे, मग झोप पाच तासांची असो वा पाऊण तासाची.

यंत्र वापराचे तास स्वतः नोंदवून ठेवते. साधारणपणे ते दुपार ते दुपार अशी रात्र धरते, त्यामुळे सहरीच्या आधीची आणि नंतरची झोप एकाच हिशेबात येते. रोज किमान चार तास वापर ही पायरी डॉक्टर धरतात. ती तळची पायरी आहे, पुरी झोप यंत्रासह व्हावी हेच उद्दिष्ट. सहरीनंतरचा तास सोडून दिला तर ही नोंद ते उघड करते.

या तासाची किंमत घराबाहेर मोजावी लागते. सकाळी नऊला अब्बा टेंपो घेऊन सांगलीच्या वाटेला लागतात. पोटात अन्न नाही, चहा नाही, ऊन चढलेले. महामार्गावर डुलकी लागायला दोन-तीन सेकंद पुरतात. समोरून येणारा दुचाकीवाला रोजेदार आहे की उपवासकरी, हे त्या डुलकीला कळत नाही. अशा माणसाने रमजानमध्ये लांबचे गाडी चालवणे शक्य तितके दुसऱ्यावर सोपवावे. डोळे जड झाले की गाडी बाजूला घ्यावी. झोप येत नाही म्हणून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेणे तर या आजारात घातकच, कारण काही गोळ्यांनी श्वासाचे अडथळे आणखी वाढू शकतात.

रोजा तुटतो का?

फजरनंतर रोजा सुरू झालेला असतो. मग यंत्राच्या हवेने तो तुटतो का, हा प्रश्न भाविक रुग्णाच्या मनात येतोच, आणि लाजेपोटी तो विचारलाही जात नाही. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये वैद्यकीय उपचार आणि रोजा यांवर ठराव केला. त्यात प्राणवायू घेतल्याने रोजा तुटत नाही, असे नमूद आहे. सीपॅपमध्ये तर खोलीतलीच हवा असते. पाण्याच्या टाकीतून येणाऱ्या बाष्पाबद्दल ज्यांना शंका वाटते, त्यांनी आपल्या मशिदीच्या मौलानांना विचारून घ्यावे. तोवर सोपा मार्ग असा की, रोज्याच्या वेळेतल्या झोपेपुरती टाकी बंद ठेवावी आणि हवा तशीच चालू द्यावी. तसे केल्याने नाकाला फार त्रास होत असेल तर ते डॉक्टरांना सांगावे.

आजारी माणसाला रोज्यात सवलत आहे, तो नंतर भरून काढता येतो, ही शिकवण कुराणातच आहे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार सोबत असेल तर रोजा धरायचा का आणि गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, हे रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावे. शरीर ही अमानत आहे, असे वाजमध्ये सांगितले जाते. अमानत सांभाळायची तर तिची निगा आलीच. इफ्तारला तळलेले समोसे आणि भजी रोज ताटात असतील तर रोजे धरूनही वजन वाढते. वाढलेले वजन मानेभोवती साठते आणि घशाची वाट आणखी अरुंद करते. खजूर, फळे, साधे जेवण यांवर महिना काढला आणि वजन थोडे उतरले, तर त्याचा फायदा झोपेला होतो. मात्र वजन उतरले म्हणून यंत्र आपणच बंद करू नये. पुन्हा तपासणी करून घ्यावी.

मशिदीच्या कोपऱ्यात

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत काही जण एतिकाफला बसतात. म्हणजे मशिदीतच मुक्काम, तिथेच इबादत, तिथेच झोप. मोहल्ल्यातून एक जण बसला तरी सर्वांच्या वतीने ते पार पडते, म्हणून बसणाऱ्याला मान असतो. आपले अब्बा दर वर्षी बसतात. यंदा त्यांच्यापुढे पेच आहे. यंत्र घेऊन गेलो तर चार लोक बघतील, न घेता गेलो तर दहा रात्री गुदमरत काढाव्या लागतील. बसलोच नाही तर मनाला लागेल.

यातून वाट निघते ती बोलण्याने. आधी मशिदीच्या विश्वस्तांना भेटायचे. भिंतीलगतचा, वीजजोडणी जवळ असलेला कोपरा मागायचा. विजेचा खर्च देऊ करायचा. सोबत बसणाऱ्यांना पहिल्याच रात्री यंत्र दाखवून सांगायचे की हे काय आहे. लपवलेल्या वस्तूबद्दल कुजबुज होते, दाखवलेल्या वस्तूबद्दल चौकशी होते. आणि चौकशी करणाऱ्यांतला एखादा हळूच म्हणतो, “माझी बायकोपण हेच सांगते, मध्येच श्वास थांबतो म्हणून.” त्या एका वाक्याने आणखी एका घराची वाट दवाखान्याकडे वळू शकते.

हाच संकोच वारीतही असतो. ज्ञानोबांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत सातारा जिल्ह्यातून जाते, तेव्हा तंबूत एकमेकांना लागून झोपणाऱ्यांतही हा आजार असलेले वारकरी असणारच. लग्नघर, देवदर्शनाची सहल, रेल्वेचा डबा, चार लोकांत झोपायची वेळ आली की यंत्र घरी राहते. चष्म्याची लाज एकेकाळी वाटायची, आता वाटत नाही. श्रवणयंत्राचीही कमी होत आहे. या नळीचेही तसेच होईल, पण ते व्हायला कोणीतरी आधी चार लोकांत ती लावावी लागेल.

विजेचा प्रश्न मात्र खरा आहे. वळवाचा पाऊस आला की दोन्ही जिल्ह्यांत वीज जाते. घरी इन्व्हर्टर असेल तर यंत्र त्यावर चालते. पाणी तापवणारी टाकी बंद ठेवली तर वीज फार कमी लागते. प्रवासासाठी बॅटरी मिळते. वीज गेलीच तर मुखवटा काढून कुशीवर, डोके थोडे उंच करून झोपावे.

ईदनंतर

सांगलीहून मुलीचा फोन रोज इफ्तारनंतर येतो. पहिल्या आठवड्यात ती विचारते, “अब्बा, मशीन लगाए क्या?” अब्बा टाळतात, अम्मी खरे सांगते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हा प्रश्न मागे पडतो. तोवर तरावीहमध्ये उभे असताना झोपेने तोल जाणे थांबलेले असते. इमामांची किरत शेवटपर्यंत कानावर पडते. सहरीला उठवायला तीन हाका लागत नाहीत. चिडचिड कमी झाल्याचे दुकानातल्या पोऱ्यालाही जाणवते.

महिनाभर दोन तुकड्यांत यंत्र सांभाळले तर पुढचे अकरा महिने सोपे जातात. ईदनंतर रात्र पुन्हा सलग होते, सवय मात्र आता लागलेली असते. आणि अम्मी, ज्या कित्येक वर्षे शांतता पसरली की दचकून उठत होत्या, त्या आता यंत्राच्या बारीक सुऽऽ आवाजात पहाटेपर्यंत झोपतात. यंत्र एका माणसाच्या नावावर घेतले जाते, पण त्याच्यामुळे झोप दोघांना मिळते.